गणपतीत ठरवू, पण नेमकं काय ठरवायचं?

वेंगुर्ला तालुक्यातून आलेलं हे पत्र नाव-गाव वगळून, थोडं आटोपतं करून देतो आहे.

"काका, नमस्कार. आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. सासऱ्यांनी उभा केला, त्यांचे गुडघे गेल्यापासून दोन वर्षं मी बघते. कटिंग आणि सोलाईला चौदा बायका, बॉयलर-ड्रायरवर दोन पुरुष. नवरा आणि दीर मुंबईला नोकरीत. वर्षाला साधारण ३० टन बी आम्ही गावागावांतून घेतो. दिवाळीनंतर ती संपते, मग शिमग्यापर्यंत बायकांना पुरेसं काम नसतं. खर्च जाऊन महिन्याला सरासरी ३०-३५ हजार शिल्लक पडतात.

मी दूरशिक्षणातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदविका करतेय. निर्णयाचे प्रकार पाठ केले: नेहमीचे आणि नवे, धोरणात्मक आणि कामकाजाचे, एकट्याचे आणि सामूहिक. पेपरात चांगले मार्क पडले, कारखान्यात मात्र उपयोग शून्य. सकाळपासून सगळे मलाच विचारतात. कोणाला उचल हवी, पातं तुटलं, मिठाईवाला पाकळीचा (अर्ध्या काजूचा) भाव पाडून मागतोय, हंगामात तर शेतकरी पिशवी घेऊन दारात उभा आणि भाव मीच सांगायचा. रात्रीपर्यंत डोकं चालत नाही.

त्यात मुंबईचा एक व्यापारी म्हणतो, मी आफ्रिकेची बी पाठवतो, तुम्ही फोडून, सोलून, ग्रेडिंग करून द्या, किलोमागे मजुरी देतो. दोन वर्षांचा करार हवा. त्यासाठी दुसरा बॉयलर आणि मोठा ड्रायर लागेल, म्हणजे १८ लाखांचं कर्ज. सासरे म्हणतात, 'आपली बी, आपलो माल, दुसऱ्याची हमाली कशाक?' दीर म्हणतो, संधी सोडू नको. नवरा म्हणतो, 'गणपतीक येतलंव तेव्हा बघूया.' व्यापाऱ्याला १५ ऑगस्टपर्यंत उत्तर हवंय. हा कुठल्या प्रकारचा निर्णय, आणि घ्यायचा कोणी?"

ताई, तुमच्या पुस्तकातले प्रकार चुकीचे नाहीत. ते परीक्षेसाठी याद्या करून शिकवले जातात, त्यामुळे समोर माणूस उभा राहून काही मागतो तेव्हा कुठली यादी उघडायची ते कळत नाही. मी बँकेत कर्जखात्यात असताना लहान कारखान्यांची बरीच प्रकरणं टेबलावरून गेली. अडचणीत आलेले बहुतेक जण आळशी नव्हते. दिवसभर निर्णयच घेत असायचे, फक्त जो निर्णय दार ठोठावेल तो. ज्यावर वर्ष अवलंबून असतं तो सहसा दार ठोठावत नाही.

तुमच्या सकाळच्या गर्दीपासून सुरुवात करू. नेहमीचे आणि नवे ही विभागणी हर्बर्ट सायमन यांची. हे अमेरिकी अभ्यासक, १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही संस्थांमध्ये निर्णय कसे होतात याच अभ्यासासाठी. त्यांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर, जी गोष्ट पुन्हा पुन्हा येते तिच्यावर पुन्हा पुन्हा विचार करायचा नसतो. एकदा नीट विचार करायचा, नियम बांधायचा आणि मोकळं व्हायचं.

उचलीचंच घ्या. महिन्याला एका बाईला जास्तीत जास्त किती, मागची फिटल्याशिवाय नवी मिळणार की नाही, आणि कुठल्या वारी मिळणार, हे तीन मुद्दे एका वहीत लिहा. आजारपण सोडून अपवाद नाही. वही बायकांतल्या जुन्या-जाणत्या एकीच्या ताब्यात द्या. दुरुस्तीलाही मर्यादा घाला, दोन-तीन हजारांपर्यंतचं काम बॉयलरवाल्याने तुम्हाला न विचारता करून घ्यायचं आणि बिल फाइलला लावायचं. पाकळी आणि तुकड्याचा भाव सोमवारी सकाळी ठरवून फळ्यावर लिहा. मिठाईवाला बुधवारी घासाघीस करायला आला तर फळ्याकडे बोट दाखवायचं. पहिले पंधरा दिवस लोक तुम्हालाच विचारत राहतील. तेव्हा उत्तर द्यायचा मोह आवरा, नाहीतर वही फक्त शोभेची राहील.

एक सावधगिरी मात्र ठेवा. पातं महिन्यात एकदा तुटलं तर ते वहीचं काम. तीनदा तुटलं तर तो प्रश्न नेहमीचा राहिला नाही. बी नीट उकडली गेली नसेल, यंत्राची पकड सैल असेल, किंवा कटिंगला नवी बाई बसली असेल. तेव्हा वही मिटून स्वतः जाऊन बघायचं.

आता ज्या वाक्यावर मी थबकलो ते सांगतो. उचल, पातं, पाकळी यांच्याच रांगेत तुम्ही लिहिलंय की शेतकरी पिशवी घेऊन येतो आणि भाव मी सांगते. एक पिशवी, २०-२५ किलो, म्हणून ती किरकोळ वाटते. पण तुम्ही वर्षाला ३० टन घेता. किलोला ५ रुपये इकडे-तिकडे झाले की दीड लाख होतात, म्हणजे तुमची चार महिन्यांहून जास्त शिल्लक. आणि हे सगळं मार्च ते मेच्या गडबडीत, एकेका पिशवीने, दारात उभ्या-उभ्या ठरतंय. तुमच्या कारखान्यातला वर्षातला सगळ्यांत मोठा निर्णय किरकोळ निर्णयांच्या वेषात येऊन जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

यावर उपाय असा की तो निर्णय फेब्रुवारीत, बी यायच्या आधी, एका बैठकीत घ्या. यंदा एकूण किती टन, त्यासाठी पैसा किती आणि कुठून, सरासरी भाव कुठल्या आकड्यावर गेला की खरेदी थांबवायची. हा भाग धोरणाचा. ओलसर बीला किती कमी, टपोऱ्या बीला किती वाढीव, हा भाग नियमांचा. या दोन्ही गोष्टी कागदावर आल्या की दारातली पिशवी खरोखरच किरकोळ होते, ती कोणीही वजन करून घेऊ शकेल. १९६५ साली व्यवस्थापनाचे अभ्यासक इगोर अॅन्सॉफ यांनी धोरणात्मक, प्रशासकीय आणि कामकाजाचे असे तीन थर मांडले, त्यात हीच खोच होती. खालच्या थराची कामं सतत समोर येतात, आपोआप लक्ष वेधून घेतात आणि वरच्या थराला वेळच उरत नाही. मोठ्या कंपन्यांपुढे ते हे बोलत होते, पण वेंगुर्ल्यातही ते तसंच्या तसं लागू पडतं.

त्या बैठकीत सासरे हवेतच. आणि इथे मी त्यांच्या बाजूने बोलणार आहे. मूठभर बी तळहातावर घेऊन, दोन फोडून पाहून ते जे सांगतील ते तुमच्या पदविकेपेक्षा भरवशाचं आहे. अशा अंदाजावर कधी विसंबायचं यावर डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली मिळून लिहिलं. एरवी त्यांची मतं परस्परविरोधी, पण एका गोष्टीवर एकमत झालं. जिथे परिस्थितीत काही सुसंगती असते आणि आपण बरोबर होतो की चूक ते माणसाला वारंवार, लवकर कळत राहतं, तिथे मुरलेल्या माणसाचा अंदाज खरा ठरतो. बीची पारख अशीच. आज घेतली, काही दिवसांत फोडली, गर किती निघाला ते कळलं. तीस-चाळीस हंगामांत असे हजारो धडे मिळाले असतील. परक्या बीच्या मजुरीचा दोन वर्षांचा करार मात्र त्यांनी एकदाही केलेला नाही. त्या बाबतीत त्यांचा नकार हे एक मत आहे, दिराच्या होकाराइतकंच.

तरी त्या नकारात एक गोष्ट आहे, ती झटकू नका. 'आपलो माल' म्हणताना ते फक्त अभिमानाने बोलत नसावेत. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या काजूला लावता येतं. आफ्रिकेची बी तुमच्या आवारात आली की गिऱ्हाइकाच्या मनात पहिली शंका हीच येणार, की आपल्याला दिलेला गर कुठला? शिवाय तुम्ही आज काजू विकता. करारानंतर वर्षाचे बरेच महिने तुम्ही मजुरी विकाल. दोन्ही धंदे चांगले असू शकतात, पण ते वेगळे धंदे आहेत. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: १८ लाख आणि दोन वर्षं या स्वरूपात हा निर्णय धोरणात्मक आहे, आणि नवाही. वहीतला कुठलाही नियम इथे चालणार नाही.

त्यात जोखीम किती, हे विचारण्याआधी जोखीम कुठल्या जातीची ते बघा. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली एक भेद दाखवला. काही अनिश्चितता मोजता येते, काही मोजताच येत नाही. तुमच्या बीतून गर किती निघेल, २२ टक्के की २३, हे मोजता येतं. जुन्या वह्या काढा, पाच-सात वर्षांची सरासरी मिळेल, वाईटात वाईट वर्षही मिळेल. ३० टनांवर एक टक्का म्हणजे ३०० किलो गर, त्यामुळे हा हिशोब फावल्या वेळातला समजू नका. पण व्यापारी दुसऱ्या वर्षी बी पाठवेल का, हे कुठल्याच वहीत नाही. आयव्हरी कोस्ट आज जगात सगळ्यांत जास्त कच्ची बी पिकवतो आणि तिथे स्वतःचे कारखाने वाढवणं चालू आहे. बेनिनने तर कच्च्या बीच्या निर्यातीवरच बंधनं आणली. व्यापारी कितीही सज्जन असला तरी उद्या बंदरात बीच आली नाही तर तो काय पाठवणार? जे मोजता येतं त्यावर पैसे लावावेत. जे मोजता येत नाही त्यावर लावायचेच असतील तर बुडाले तरी चूल पेटेल इतकेच लावावेत.

आता साधं गणित. १८ लाख, पाच वर्षं, १० टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण ३८ हजार. तुमची शिल्लक ३०-३५ हजार. म्हणजे ज्या महिन्यात बाहेरची बी आली नाही त्या महिन्यात तुमचा स्वतःचा काजू हा हप्ता भरू शकत नाही. आणि करार दोन वर्षांचा, कर्ज पाच वर्षांचं! उरलेली तीन वर्षं कोणाच्या भरवशावर? दिराला हा प्रश्न विचारा, फोनवर विचारा, शांतपणे विचारा. अनुदान मिळेल असं कोणी सांगितलं तर बँकेत जाऊन ते कधी, कुठल्या अटीवर खात्यात जमा होतं ते समजून घ्या. अनुदानाने हप्ता थोडा हलका होतो, बी येत नाही.

म्हणजे नकार द्यायचा? थांबा. तुमच्या पत्रातलं आणखी एक वाक्य बघा, तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात. दिवाळीनंतर बी संपते आणि शिमग्यापर्यंत बायकांना पुरेसं काम नसतं. जवळजवळ चार महिने तुमचा बॉयलर, ड्रायर आणि चौदा जणींचे हात रिकामे आहेत. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम आपल्यासारखाच फेब्रुवारी-मार्चला सुरू होतो, पण टांझानियाचा ऑक्टोबरच्या सुमारास. व्यापाऱ्याकडे साठवलेली बीही असते. मग त्याची बी नेमकी याच रिकाम्या महिन्यांत, आहे त्याच यंत्रांवर फोडली तर? नवा बॉयलर नाही, कर्ज नाही, दोन वर्षांचं बंधन नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ठरावीक टन, एका हंगामाचा लेखी करार.

हो की नाही एवढंच तुमच्यासमोर ठेवलं गेलं, कारण प्रस्ताव त्याच्या सोयीने मांडला होता. मला निर्णयाचा सगळ्यांत उपयोगाचा प्रकार विचाराल तर तो पुस्तकात बहुधा शेवटच्या परिच्छेदात असतो: मागे घेता येणारा आणि न येणारा. बॉयलर बसवला की बसवला, जुन्या बॉयलरला कोण किंमत देतो ते मी जप्तीच्या लिलावात पाहिलंय. एका हंगामाचं काम जमलं नाही तर मार्चमध्ये नमस्कार करून मोकळे. मागे घेता येत नाही त्यावर महिना घालवा. मागे घेता येतं त्यावर आठवडा पुरे. तुम्ही, आणि तुमच्यासारखे पुष्कळ जण, नेमकं उलटं करतात.

आता कोणी ठरवायचं. व्हिक्टर व्रूम आणि फिलिप येटन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९७३ मध्ये यावर एक पद्धत बसवली. एकट्याने ठरवणं, विचारून एकट्याने ठरवणं, सगळ्यांनी मिळून ठरवणं, यांतलं कुठलंच मुळात चांगलं किंवा वाईट नसतं. प्रश्न असे विचारायचे: लागणारी माहिती माझ्याकडे आहे का? नसेल तर कोणाकडे आहे? आणि ज्यांना ते निभवायचंय त्यांनी मनापासून मान्य केलं नाही तर काम अडेल का?

हे तुमच्या घराला लावू. कर्ज काढायचं तर कारखान्याची जागा तारण जाणार. सातबाऱ्यावर कोणाची नावं आहेत? कोकणात हा प्रश्न विचारला की घरात एकदम शांतता पसरते. जागा सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांच्या, आणि सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सहीशिवाय बँक पुढे सरकणार नाही. ज्याची सही लागते त्याला ठरवण्यात वाटा द्यावाच लागतो. म्हणून कर्जाचा निर्णय सगळ्या घराचा, त्यात तुम्ही एकटीने पुढे जाऊ नका. रिकाम्या महिन्यांत एक हंगाम बाहेरचं काम घ्यायचं, हा निर्णय मात्र कारखाना चालवणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. सासऱ्यांना आधी सांगा, त्यांचं ऐका, मग ठरवा. परवानगी मागू नका, नाहीतर पुढच्या वर्षी पाकळीच्या भावालाही परवानगी लागेल.

आणि ज्यांना या सगळ्यात कोणीच विचारलेलं दिसत नाही त्या चौदा जणी. बाहेरची बी आकाराने आणि टरफलाच्या जाडीने वेगळी असते, सरावाच्या हातालाही सुरुवातीला तुकडा जास्त पडतो. तुकडा किती चालेल आणि त्याच्या वर गेला तर मजुरी कापणार का, हा कराराचा कळीचा मुद्दा. त्याची माहिती तुमच्याकडे नाही, व्यापाऱ्याकडेही नाही, ती कटिंगच्या पाटावर आहे. दोन पोती नमुना मागवा, फोडू द्या, अख्खा गर किती आणि पाकळी-तुकडा किती ते तोलून घ्या, आणि मग त्यांनाच विचारा की या दराने परवडतं का. टरफलातल्या चिकाने हात त्यांचे भाजतात.

राहिले गणपती. तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे, सगळे समोर असताना ठरावं. पण गणपतीत कोण रिकामा बसतो? आरत्या, भजनं, पाहुणे, गौरी, आणि विसर्जन झालं की परतीच्या गाडीची धावपळ. अशा घरात अठरा लाखांवर बोलणं होतं ते मध्यरात्री, अर्ध्या झोपेत, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं. वडीलधाऱ्यांसमोर सणासुदीला विरोध कसा करायचा म्हणून बाकीचे गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यालाच होकार समजलं जातं. त्याऐवजी या रविवारी तासभर व्हिडिओ कॉल लावा. दोन दिवस आधी एक पान पाठवा: हप्ता, शिल्लक, कराराची मुदत, आणि एका हंगामाचा दुसरा पर्याय. सासऱ्यांना पहिल्यांदा बोलू द्यायची आपली पद्धत असेल तर या वेळी दिराला आधी बोलायला लावा, वडील बोलल्यावर तो वेगळं बोलणार नाही. कर्जाचा विषय नंतर गणपतीतच काय, पुढच्या शिमग्यालाही घेता येईल. तोवर एका हंगामाचे आकडे हातात असतील.

व्यापाऱ्याला १५ ऑगस्टच्या आत उत्तर द्या, थांबवून ठेवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, इतके टन, बी तुमची, वाहतूक तुमची, मजुरी इतकी, तुकड्याची मर्यादा इतकी, असं स्पष्ट लिहा. पैशाची मुदतही त्यातच घाला. तुमची उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) असेल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. लहान उद्योगांचे पैसे ही मुदत उलटून आर्थिक वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत तर तो खर्च त्याला त्या वर्षीच्या आयकरातही वजा करता येत नाही, त्यामुळे त्याचा हिशोबनीसच त्याच्या मागे लागेल. नोंदणी नसेल तर आधी ती करा, ती मोफत होते.

तो म्हणेल दोन वर्षं नाहीतर काहीच नाही. तसं म्हणाला तर तुमचं उत्तर नाही, आणि त्याबद्दल हळहळू नका. रिकाम्या महिन्यांसाठी दुसरा कोणी बघा. सायमन यांचा आणखी एक विचार इथे कामाला येतो. माणसाला सगळे पर्याय कधीच तपासता येत नाहीत, म्हणून आपल्या किमान अटी ठरवायच्या आणि त्या पुऱ्या करणारा पहिला ठीकसा पर्याय घ्यायचा. सर्वोत्तम व्यापारी शोधत बसलात तर दिवाळी उलटून जाईल.

आणि बी यायच्या आधी दोन कामं उरकून ठेवा. तिच्यासाठी गोदामात वेगळी जागा, वेगळ्या रंगाच्या सुतळीची पोती आणि वेगळी नोंदवही करा, म्हणजे सासऱ्यांनाही दाखवता येईल की आपला गर कुठेच मिसळत नाही. आणि तुमच्या विम्यात दुसऱ्याच्या मालकीचा, तुमच्या ताब्यातला माल धरला आहे का ते एजंटकडून लेखी घ्या. बहुतेकांच्या पॉलिसीत तो आपोआप धरलेला नसतो, आणि आग किंवा पाणी आत शिरताना पोतं कोणाचं ते बघत नाही.